अंबाडीच्या पाण्यातला तोफू

सोयाबीनची पानं गळाली आणि नुसत्या शेंगा उरल्या की आमच्या शेताला आवाज फुटतो. वारा सुटला की वाळलेल्या शेंगांतले दाणे आतल्या आत हलतात आणि अख्खं रान खुळखुळ्यासारखं वाजायला लागतं. परवा हिंगोलीकडच्या गोरेगावहून जीपनं आले, फाट्यावर उतरले, पांदणीच्या वाटेनं घराकडं निघाले, तर दोन्ही बाजूंनी तोच आवाज. लहानपणी तो ऐकला की मला घराकडं जावंसंच वाटायचं नाही. उद्यापासून हातात विळा येणार, बोटांत शेंगांची टोकं घुसणार आणि मळणीच्या भुशानं अंग खाजणार, एवढाच त्याचा अर्थ होता. परवा मात्र मला भूक लागली. चक्क भूक. फोडणीत पडलेल्या आल्याचा वास नाकात आला, कुठंही चूल पेटलेली नसताना, आणि माझे पाय आपोआप भराभर पडायला लागले.

ऋतू तोच, आवाज तोच, आणि अर्थ पार बदललेला. असं काही झालं की मला त्याच्या मागं लागावंसं वाटतं. हा बदल एकाच हंगामात झाला. काही वर्षं झाली त्याला.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी सांगते, लपवत नाही, मला त्याचा अभिमान आहे. बी.एस्सी. केलं, पुढं रक्त तपासायचं शिक्षण घेतलं आणि हिंगोलीत एका लॅबमध्ये नोकरीला लागले. दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची, सुई घालायची. शेत माझा धाकटा भाऊ दत्ता बघतो. वडील गेल्यापासून सगळं त्याच्यावरच आहे. घरात तो, त्याची बायको रेखा आणि आमची माय.

आमच्या शेतात जे पिकतं ते घरात येतं. तूर येते, मूग येतो, उडीद येतो, ज्वारी तर येतेच. हळद शिजवून वाळवून झाली की त्यातली वर्षाची हळदसुद्धा बाजूला निघते. एक सोयाबीन तेवढं घरात येत नसे. मळणी मशीनमधून पोत्यात, पोत्यातून टेम्पोत, टेम्पोतून हिंगोलीच्या मोंढ्यावर, म्हणजे धान्यबाजारात. उंबरठ्याच्या आत त्याचा एक दाणा यायचा नाही. आला तर रेखा झाडून बाहेर काढायची. लग्नाच्या पंगतीत सोयाबीनच्या वड्यांची भाजी असते, ती आम्ही खायचो. पण त्या वड्या पाकिटातून आलेल्या. आपल्या शेतातलं ते आणि पाकिटातलं हे एकच, असं कधी मनात यायचं नाही. मायला तर त्या वड्या आवडायच्याच नाहीत. म्हणायची, "रबर चावून राहिल्यावानी वाटतं."

त्या पावसाळ्यात आमच्या चांदीची वगार दगावली. चांदी म्हणजे आमची म्हैस. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांदी. वगार जेमतेम महिन्याची होती. मायनंच तिला पहिल्यांदा उभी केली होती, मायच्याच पदराला ती तोंड लावायची. ढोरांचा डॉक्टर येऊन गेला, औषध झालं, आणि एका सकाळी ती उठलीच नाही.

म्हैस आपलं लेकरू दिसल्याशिवाय पान्हा सोडत नाही. मग आमच्याकडं करतात तेच दत्तानं केलं. वगारीचं कातडं काढून घेतलं, त्यात भुसा भरला, शिवून चार काटक्यांच्या पायांवर उभं केलं. संध्याकाळी ते चांदीपुढं ठेवलं. चांदीनं वास घेतला आणि ती त्या भुशाच्या वगारीला चाटायला लागली. कान, पाठ, मान, जिवंत वगारीला चाटायची तसंच. आणि पान्हा सुटला.

धार काढायला माय बसली होती. अर्धी बादली भरली असेल. ती उठली, बादली दत्ताच्या हातात दिली आणि म्हणाली, "आजपासून मी ह्या दुधाला हात लावणार न्हाई."

"काहून?" दत्ता गडबडला. "समदेच करतेत, माय."

"समदे करतेत. मी बी आजवर केलं. तुला काई म्हणून राहिले का मी? पण ती बघ कशी चाटून राहिली. तिला वाटतं लेकरू पिऊन राहिलं. अन् पिऊन राहिलो आपण."

एवढंच. रडली नाही, भांडली नाही. दत्ताला एका शब्दानं बोलली नाही. पण त्या दिवसापासून दूध नाही, दही नाही, ताक नाही, तूप नाही. चहा काळा. माय आधीपासून माळकरी, म्हणजे मटण-अंडी घरात असली तरी तिच्या ताटात नव्हतीच. वरून चातुर्मास चालू, म्हणजे कांदा, लसूण आणि वांगी बंद. दाढा पडलेल्या, म्हणजे शेंगदाणे, फुटाणे बंद. उरलं काय? वरणात कुस्करलेली भाकरी. तीही अर्धी.

नवरात्र सरल्यावर मी गावाकडं गेले तर माय अंगणात उन्हात बसलेली होती. साडीत कुणीतरी काठी गुंडाळून ठेवावी तशी. मी तिला तशीच हिंगोलीला घेऊन आले. लॅबमध्ये खुर्चीत बसवली, दंडाला पट्टा बांधला आणि शीर शोधायला लागले. रोज किती लोकांच्या शिरा शोधते मी. लहान लेकरांच्या सापडतात, म्हाताऱ्यांच्या सापडतात. माझ्या मायची सापडेना. एका हाताची नाही, दुसऱ्या हाताची नाही. शेवटी सोबतच्या मॅडमनं पंजाच्या मागून कसंबसं रक्त काढलं. मी नुसतीच मायचा हात धरून उभी राहिले.

रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "आजी, अंगात काही उरलं नाही तुमच्या. दूध घ्या, अंडी खा."

माय म्हणाली, "दुसरं सांगा."

डॉक्टर चांगले होते. हसले. बी-बाराच्या गोळ्या दिल्या, रक्त वाढायचं औषध दिलं, आणि मला म्हणाले, "गोळ्या आपलं काम करतील. पण पोटात प्रथिनं गेली पाहिजेत. डाळी वाढवा. सोयाबीनही चालेल. काहीतरी करा, ह्या खातील असं. नाहीतर अवघड आहे."

अवघड म्हणजे काय, ते मला रिपोर्ट वाचता येतो म्हणून कळलं. मायला सांगितलं नाही.

आता ह्यात चीन कुठून आला, ते सांगते.

माझ्या लेखी तोवर चीन म्हणजे हिंगोलीच्या बस स्टँडजवळची हातगाडी. गाडीवर तोंडातून जाळ काढणाऱ्या अजगराचं चित्र, मोठ्या कढईखाली घोंघावणारा स्टोव्ह आणि कोबीचे लाल गोळे. कॉलेजात असताना मैत्रिणीबरोबर पहिल्यांदा खाल्ले, तेव्हा जीभ दोन दिवस लाल होती, आणि आपण काहीतरी मोठं केलंय असं वाटलं होतं. त्या लाल गोळ्यांचा चीनशी काही संबंध असेल की नाही, हा प्रश्न मला पडला नव्हता.

त्या आठवड्यात मी फोनवर सोयाबीनचं काय काय करतात ते शोधत होते. जेवणाच्या सुट्टीत एक व्हिडिओ लागला. चीनमधलं कुठलंसं खेडं. अंगण. अंगणात सोयाबीनची वाळलेली झाडं पसरलेली, अगदी आमच्या खळ्यावर पडतात तशी. एक बाई काठीनं ती झोडपून राहिली होती. मग तिनं दाणे पाखडले. सुपानं! सूप थोडं वेगळं होतं, पण पाखडतानाचा मनगटाचा झटका मायचाच. मग दाणे भिजवले, दगडी जात्यात ओले दळले, आणि जात्याच्या कडेनं पांढरं दूध ओघळायला लागलं. मी डबा तसाच ठेवला. बोलणं एक अक्षर कळत नव्हतं, पण हात कळत होते.

शनिवारी गावाकडं गेले आणि मायला तो व्हिडिओ दाखवला. तिनं फोन हातभर लांब धरला. बाई दाणे झोडपत होती तेव्हा माय म्हणाली, "तोंडाला फडकं बांधलं न्हाई हिनं. खोकंल आता." दूध ओघळायला लागलं तशी तिनं विचारलं, "हे आपलंच सोयाबीन?"

"आपलंच. म्हणजे तिकडचंच. मूळचं चीनचं पीक आहे ते, तिकडून आपल्याकडं आलं."

"मी लगीन होऊन आले तवा न्हवतं. ह्या रानात ज्वारी, कापूस अन् करडई. हे नंतर आलं." ती विचारात पडली. "म्हंजे पाहुणं हाय व्हय हे? इतके वर्षं पाहुणं रानात उभं हाय, अन् आपण त्याला घरात घेतलं न्हाई."

मग तिनं असा प्रश्न विचारला की मी आठवडाभर त्याच्यामागं फिरले. म्हणाली, "हिच्या अंगणात म्हैस काहून न्हाई?"

मी परत बघितलं. खरंच नव्हती. कोंबड्या होत्या, कुत्रं होतं, पण दुभतं जनावर नव्हतं. मग मी वाचायला लागले. कॉलेजनं मला दुसरं काही दिलं नसेल, पण प्रश्न पडला की तो सोडायचा नाही, ही खोड दिली. बघते तर, तिकडच्या जुन्या स्वयंपाकात दूध, दही, तूप जवळजवळ नाहीच. आणि तिकडचे बौद्ध भिक्खू मठांत मांस-मासे तर खात नाहीतच, पण कांदा-लसूणही खात नाहीत. मटणाशिवाय, दुधाशिवाय, कांद्या-लसणाशिवाय नाना तऱ्हेचे पदार्थ त्यांनी शोधून काढले. त्यांतले कितीतरी सोयाबीनचे. मी वाचत गेले आणि मला वाटत गेलं की ही माझ्या मायच्याच पथ्याची यादी आहे.

फोनवर तिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे त्यांचा बी चातुर्मास असतो?"

"त्यांचा बाराही महिने."

"आगं बया! अन् जगतेत?"

"मजेत जगतात."

"मग कर बाई काय करायचं ते," माय म्हणाली. त्या पावसाळ्यानंतर खाण्याच्या बाबतीत तिनं "कर" म्हटलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

पुढच्या शनिवारी मी दत्ताला एक पातेलंभर सोयाबीन मागितलं. तो पोत्यांची तोंडं शिवत होता. म्हणाला, "ताई, मोंढ्यावर घिऊन जाय की सरळ. घरात काय करती त्याचं?"

"दूध काढते."

"धार काढायला येती का तुला?" तो हसला, पण पातेलं भरून दिलं. वर म्हणाला, "बियाण्याच्या पिशवीतलं घिऊ नको, त्याला औषध लावलेलं असतं. हे खळ्यावरचं घे."

दाणे भिजवले, चोळून सालं काढली, मिक्सरमधून वाटले, मायच्या जुन्या धुतलेल्या साडीच्या फडक्यातून गाळले. खरोखर पांढरंशुभ्र दूध. वास कच्च्या शेंगेचा. चुलीवर चढवलं तर ते म्हशीच्या दुधासारखं सांगून सवरून वर येत नाही, एकदम झेप घेतं. पहिल्यांदा निम्मं चुलीत गेलं. उरलेलं नीट उकळलं, कच्चा वास गेला, झाकून ठेवलं आणि मी दत्ताबरोबर रानात गेले. पाऊस परत येईल म्हणून कापून रचलेल्या सोयाबीनच्या सुडीवर ताडपत्री टाकायची होती. ठरवलं होतं, परत आल्यावर लिंबू पिळून हे दूध फाडायचं.

परत आले तर माय पातेल्यापुढं कपाळाला हात लावून बसलेली.

"काय झालं?"

"मंगल, माझ्या हातानं घोटाळा झाला बघ."

झालं असं की दूध कोमट झालेलं तिनं बघितलं. चाळीस-पन्नास वर्षं ह्या घरात कोमट दूध दिसलं की मायच्या हातानं एकच काम केलंय. ती उठली, रेखाच्या दह्याच्या लोटक्यातलं चमचाभर विरजण घेतलं आणि ह्या दुधाला लावून, ढवळून, वर ताटली ठेवून मोकळी झाली. नंतर आठवलं की हे तिच्यासाठी म्हशीशिवायचं दूध होतं, आणि तिनं त्यात म्हैस घातली.

रेखा दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. "मी म्हटलं बी, मामी, हे काय करून राहिल्या. तर मला म्हणल्या, गप, मला शिकवती का."

माय आधी ओशाळली, मग तिलाही हसू आलं. मग ते थांबेना. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. वगार गेल्यापासून तिला हसताना मी बघितलंच नव्हतं. ते सोयाबीनचं दही संध्याकाळी दत्तानं मीठ घालून खाल्लं. वाटी पुसून खाल्ली.

दुसरं दूध दुसऱ्या दिवशी काढलं. तर घरात लिंबू नाही. लिंबाचा बाजार गोरेगावला, आणि त्या दिवशी जीप मिळेना. मी पातेल्यापुढं उभी. पलीकडं रेखा दुपारच्या भाजीसाठी अंबाडी उकडून पिळत होती. अंबाडी भारी आंबट असते, म्हणून आम्ही तिचा पाला उकडून, घट्ट पिळून त्यातलं पाणी टाकून देतो, मग ज्वारीच्या कण्या घालून भाजी करतो. रेखानं ते हिरवट पाणी तांब्यात धरलं आणि फेकायला मोरीकडं निघाली.

"थांब!" मी ओरडले. इतक्या जोरात, की तिच्या हातातून तांब्या पडता पडता राहिला.

आंबट ते आंबट. लिंबाचं काय आणि अंबाडीचं काय, दूध फाडायला आंबटपणा पाहिजे. एवढं साधं. पण ह्या घरात ते पाणी मोरीत जाताना मी जन्मभर बघितलेलं, सोयाबीन मोंढ्यावर जाताना जन्मभर बघितलेलं. दोन वेगवेगळ्या वाटांनी घराबाहेर जाणाऱ्या गोष्टी एकमेकींना कधी भेटल्याच नव्हत्या. मी तांब्या घेतला, पाणी गाळलं आणि गरम दुधात पळी पळी सोडायला लागले. तिघीही पातेल्यावर वाकलो. पहिल्या पळीला काही नाही. दुसरीला काही नाही. मग कडेला जरासं पाणी वेगळं दिसलं. आणि मग एकाएकी सगळं दूध ढगांसारखं झालं. पांढरे ढग आणि मधून पिवळट-हिरवं, नितळ पाणी.

"फाटलं!" रेखा ओरडली. घरात दूध फाटलं म्हणून आनंदानं ओरडायची ती पहिलीच वेळ असेल.

ते ढग फडक्यात बांधले, वर वरवंटा ठेवला, निथळू दिले. उघडलं तर ओलसर, मऊ, जरा हिरवट झाक असलेली वडी, म्हणजेच तोफू. मायनं कोपरा तोडला. तोंडात फिरवला. आम्ही दोघी तिच्या तोंडाकडं बघत होतो. माझ्या डोळ्यांसमोर तो रिपोर्ट होता.

"चव न्हाई," ती म्हणाली.

मी वडीवर परत फडकं झाकायला लागले.

"न्हाई म्हंजे काहीच न्हाई, कोऱ्या कापडावानी. पण चावावं लागत न्हाई बघ. बराबर मऊ हाय." मग ती उठली आणि स्वतःच मसाल्याचा डबा घेऊन आली. "तिकडं काय घालतेत ह्याच्यात?"

मी फोनवर बघून सांगत गेले. बडीशेप. दालचिनी. लवंग. माय एकेक काढून पाटावर ठेवत गेली. मग चांदणीसारखं एक फूल, तिकडच्या मसाल्यात मोठ्या मानाचं. मी फोटो दाखवला. माय म्हणाली, "हे? हे तर बादियान!" आणि काळ्या मसाल्यासाठी आणलेली पुडी सोडून तिनं ते माझ्या तळहातावर ठेवलं. मी लहानपणापासून मसाला कुटताना ते फूल बघत आलेली, त्याचं मूळ झाडही त्याच मुलखातलं असेल असं मनातसुद्धा आलं नव्हतं. फक्त एकच जिन्नस मिळाला नाही, जीभ बधिर करणारे तिकडचे मिरे. त्याच्या जागी आपले मिरे भरडून घातले.

कांदा-लसूण नाही. गरम तेलात भरपूर आलं, हिरव्या मिरच्या, बादियानची एक पाकळी, मग तोफूचे तुकडे, किराणा दुकानातून आणलेला सोया सॉस, आणि रस्सा दाट व्हायला पाण्यात कालवलेलं चमचाभर ज्वारीचं पीठ. तिकडं दुसरं पीठ घालतात. आमच्याकडं ज्वारीचं होतं.

माय जेवायला बसली. भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, खाल्ला. दुसरा. तिसरा. अर्धी भाकरी संपली. मग मायनं ताट जरासं पुढं सरकवलं. नुसतं सरकवलं, मागितलं नाही. रेखानं वाढलं.

दत्ता त्याच्या ताटातून मान वर न करता म्हणाला, "ताई, ह्या साली मोंढ्यावर नेतच न्हाई माल. सरळ चीनलाच पाठवू."

"अन् तू जाय त्याच्यासंगं," माय म्हणाली, तोंडात घास धरून. "भाडं वाचंल."

सोयाबीन सोंगून, मळून, विकून झालं, रान मोकळं झालं, हरभरा पेरला, तोवर दर शनिवारी आमच्या चुलीवर चीन होता. कधी जमला, कधी फसला. तिकडच्या वाफेवरच्या भरल्या पाऱ्यांसाठी मायला काही शिकवावं लागलं नाही. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही म्हणून ती पुरणाची दिंडं वाफवते, तीच चाळणी, तेच पातेलं. आत पुरणाऐवजी कोबी, आलं आणि कुस्करलेला तोफू. फक्त घडी घालताना तिनं करंजीची मुरड घातली. मी म्हटलं, माय, तिकडं अशी घालत नाहीत. ती म्हणाली, "त्यांना येत नसंल." कार्तिकी एकादशी झाली, चातुर्मास सुटला, तेव्हा लसूण घालून वांगी केली. त्या भाजीचं तिकडचं नाव माशाच्या वासाची वांगी. नाव ऐकून माय चुलीपासून दोन पावलं मागं सरकली. मासा औषधालाही नसतो त्यात, मासा शिजवताना घालतात तो मसाला असतो नुसता, हे तिला पटवता पटवता वांगी गार झाली.

असं दूध-तूप-मटण-अंडी काहीच न खाणाऱ्याला शहरात वीगन म्हणतात, हेही मी तिला सांगितलं. तिनं तो शब्द दोनदा उच्चारून बघितला. "माझ्यासारखीला नाव बी हाय व्हय?" म्हणाली. मग म्हणाली, "नावाचं काय. हे कुणाच्या तोंडचं काढलेलं न्हाई, एवढं पुरं हाय मला."

मी विज्ञान शिकलेली बाई आहे, तेव्हा तोफूनं जादू केली असं मी म्हणणार नाही. गोळ्यांनी आपलं काम केलं, बी-बाराची गोळी तर आजही चालू आहे, ती कधीच बंद करायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. पण गोळ्यांनी भूक लागत नाही. मायला भूक कशानं लागली, ह्याचा मी पुष्कळ विचार केलाय. चवीनं? की हसण्यानं? मला वाटतं, प्रश्नानं. ह्या बाईच्या अंगणात म्हैस काहून न्हाई, हे विचारलं तिनं, तेव्हा ती पुन्हा जगाकडं बघायला लागली होती. तिला उत्तर हवं होतं, आणि उत्तरासाठी उद्यापर्यंत थांबावं लागतं. आजही मी गेले की तिचा एखादा प्रश्न तयार असतो. तिकडच्या बाया अंबाडी लावतेत का? त्यांच्या सुना सासूला काय म्हणतेत? सोयाबीनला तिकडं बी येलो पडतो का? येलो म्हणजे पानं पिवळी करणारा रोग, आमच्या सगळ्या रानांचा शत्रू. मला सगळ्यांची उत्तरं येत नाहीत. शोधते.

चांदी अजून आहे. पुढच्या साली ती परत व्याली. दत्तानं कुणी न सांगता ठरवलं की वगार पोटभर पिईस्तोवर बादली घेऊन जायचंच नाही. उरेल तेवढं आपलं. माय तेही घेत नाही, पण आता धार काढताना ती गोठ्यात येऊन बसते. सोयाबीनचं दूध गाळल्यावर फडक्यात जो चोथा उरतो, तो ती घमेल्यात कालवून चांदीपुढं ठेवते. चांदी आधी चोथा खाते आणि मग मायचा हात चाटते, कोपरापर्यंत. माय हात काढून घेत नाही.

यंदा घरात शिरले तर कोपऱ्यात, तुरीच्या आणि उडदाच्या डब्यांच्या रांगेत एक नवा डबा होता. झाकणावर रेखानं खडूनं लिहिलेलं, सोयाबीन. पोती भरायच्या आधी घरचं काढून ठेवलेलं.

वर्षातून एकदा ह्याच दिवसांत मी मायचं रक्त घरीच येऊन घेते, उपाशीपोटी, सकाळी. परवाही सगळं सामान घेऊन गेले होते. सकाळी चुलीवर दूध चढवलेलं, माय पाटावर, रेखा अंबाडी निवडत बसलेली. मी मायच्या दंडाला पट्टा बांधला, कोपराच्या खळगीवर बोट ठेवलं. शोधावं लागलं नाही. शीर बोटाखाली टच्च उभी होती, मूठ आवळायलाही सांगावं लागलं नाही. मी सुई घालायच्या आधी क्षणभर तशीच थांबले, बोट तिच्यावर ठेवून. दाबली की दबत होती, सोडली की परत भरून येत होती.

मायचं लक्ष सुईकडं नव्हतंच. ती चुलीकडं बघत होती.

"काय हात धरून बसलीस मंगल," ती म्हणाली, "आटप लवकर. ते येतंय बघ वर, उतू जाईल."